तुम्ही विचारलेत म्हणून: त्यांना क्षमा केलीत का?

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या घरी जो कोणी येतो, त्याला माझे पूर्वीचे पती त्यांच्या आईशेजारी बसून चहा घेताना दिसतात, आणि मी जिन्यापर्यंत सोडायला गेले की आवाज खाली आणून तो मला हाच प्रश्न विचारतो.

हा प्रश्न मला सर्वप्रथम विचारला तो वकीलबाईंनी, २०१२ साली. ‘त्यांना माफ केले, असे कुठे लिहून दिलेले नाही ना?’ हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३ नुसार, जोडीदाराचा व्यभिचार किंवा क्रूरता आपण आधीच क्षमापित केली असेल, तर त्या कारणावरून घटस्फोट मिळत नाही. आणि कायद्याच्या लेखी क्षमा म्हणजे नुसता शब्द नव्हे, तर सारे ठाऊक असूनही त्या माणसाला पुन्हा संसारात घेणे. त्या अर्थाने मी क्षमा केलेली नाही. पुढे आम्ही कलम १३-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज केला. मधले सहा महिने थांबावे लागले (ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, आम्हाला त्याचा उपयोग नव्हता). शिवाजीनगरच्या न्यायालयातील बाकावर मी त्यांच्यापुढे सवयीने पाण्याची बाटली धरली, त्यांनीही ती सवयीने घेतली, आणि मग आम्ही दोघेही ओशाळलो.

ते गेले तेव्हा मी फारशी रडले नाही. चाकणच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून ते मध्यरात्रीनंतर घरी येत, म्हणून दाराची आतली कडी न लावता झोपायची मला बारा वर्षांची सवय होती. ते दुसऱ्या घरी राहायला गेल्यावरही मी सहा-सात महिने कडी लावली नाही. एका रात्री सासूबाई उठल्या, त्यांनी काही न बोलता कडी सरकवली आणि देवघरातला दिवा शांत झालेला असतानाही तिथेच बसून राहिल्या. मी हुंदका देऊन रडले ती त्या रात्री.

घर सासूबाईंचे. त्यांनी मुलाकडे जायचे नाकारले आणि मला ‘तू कुठे जाणार?’ असे विचारलेही नाही. त्यांचे गुडघे दुखू लागल्यावर मुलाने आईला भेटायला यावे, हे मीच सुचवले. यात माझे मोठे मन वगैरे काही नव्हते. ‘मन मोठे करा’ हा सल्ला बाईलाच का दिला जातो, याचा मला अजूनही राग येतो. सुरुवातीला मी चहा ठेवून स्वयंपाकघरातच थांबत असे. मग केव्हातरी, नेमके केव्हा ते सांगता येणार नाही, त्यांनी साखर सोडल्याचे ऐकून मला त्यांच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटली, आणि ती मी केली. माझ्यापुरती क्षमा म्हणाल तर एवढीच.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिच्या वाट्याचे जे आहे ते माफ करणे माझ्या हातात नाही. रविवारी बेल वाजली की दार तीच उघडते, आत वळून ‘आजी, तुझा मुलगा आलाय’ असे सांगते आणि आपल्या खोलीत निघून जाते. मी तिला टोकत नाही.