नॅचेझच्या दप्तरांत तीन दिवस

मिसिसिपी राज्याच्या नैऋत्य टोकाला, नदीकाठच्या उंच कड्यावर नॅचेझ वसलेले आहे. २०२०च्या जनगणनेत गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आतच भरली. पर्यटक येथे येतात ते अमेरिकेच्या यादवी युद्धापूर्वीच्या कापूस मळेवाल्यांचे वाडे पाहायला. आम्ही मात्र एका घराण्याची वंशावळ शोधायला गेलो होतो. राज्याची राजधानी जॅक्सनमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, ज्यांना मी बाईच म्हणतो. त्यांचे पणजोबा याच परगण्यात गुलाम म्हणून जन्मले, एवढे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक होते. पणजोबांच्या आईचे नावही कोणाला सांगता येत नव्हते.

जॅक्सनहून नॅचेझ सुमारे १६० किलोमीटर आहे. आम्ही नॅचेझ ट्रेस पार्कवेने गेलो. या रस्त्यावर मालमोटारींना मज्जाव आहे, वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे आणि वाटेत पेट्रोल पंप नाही, त्यामुळे टाकी भरूनच निघावे. नॅचेझच्या अलीकडे एमराल्ड माउंड हा मूळ रहिवाशांनी रचलेला प्रचंड मातीचा उंचवटा लागतो. फ्रेंचांनी १७१६मध्ये नॅचेझला रोझाली किल्ला बांधला आणि १७२९मध्ये नॅचेझ या मूळ रहिवाशांनी तो उद्ध्वस्त केला, हा इतिहास या उंचवट्यावर उभे राहून वाचला तर गावाचे नाव कोणाचे आहे हे विसरायला होत नाही.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतील कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध मागे मागे जात १८७०च्या जनगणनेपाशी अडतो, कारण गुलामीतून सुटलेल्या सर्वांची नावे प्रथम तिथेच नोंदली गेली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असते. त्याखाली माणसांचे केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहिलेले असते. शोध घेणारे याला ‘१८७०ची भिंत’ म्हणतात. ती ओलांडायची तर पूर्वजांचा माग सोडून त्यांच्या मालकाचा माग धरावा लागतो, कारण पूर्वज त्याच्या मालमत्तेच्या कागदांतच सापडतात. मनाला हे पटायला वेळ लागतो. बाईंना तर पहिल्या दिवशी ते अजिबात मान्य नव्हते.

मालक कोण हे ठरवताना आडनावावर भिस्त ठेवू नये. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी शेवटच्या मालकाचे आडनाव लावले नाही. कोणी आधीच्या मालकाचे घेतले, तर कोणी स्वतः निवडले. आमचा धागा जॅक्सनच्या राज्य अभिलेखागारातच हाती लागला. मुक्त गुलामांसाठी १८६५मध्ये काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची एक शाखा नॅचेझला होती आणि तिच्या खातेदारांच्या नोंदवहीत आईवडील, भावंडे आणि काही ठिकाणी पूर्वीच्या मालकाचेही नाव लिहिलेले आहे. १८८०च्या जनगणनेचा उपयोग वेगळा आहे: कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते तीत प्रथमच लिहिले गेले. त्यात पणजोबांच्या घरी राहणारी एक वृद्धा ‘आई’ म्हणून सापडली आणि नाव मिळाले. १८९०ची जनगणना आगीमुळे जवळजवळ पूर्ण गेली आहे. ती उणीव मिसिसिपीत शाळकरी मुलांच्या परगणानिहाय याद्या थोडीफार भरून काढतात, कारण त्यांत मुलांसोबत पालकांचे नाव असते. ही सर्व तयारी घरी किंवा जॅक्सनला करून मगच नॅचेझला जावे, नाहीतर तेथील दिवस सूच्या चाळण्यातच जातात.

नॅचेझ यादवी युद्धात जळले नाही, म्हणून येथील दप्तर टिकले. नॅचेझ ज्यात येते तो ॲडम्स परगणा १७९९मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासूनची खरेदीखते, मृत्युपत्रे व मालमत्तेच्या याद्या पाहायला मिळू शकतात. मिसिसिपीत जमिनीचे कागद चॅन्सरी क्लार्ककडे, तर विवाहनोंदी सर्किट क्लार्ककडे असतात; हे दोघेही परगण्याच्या न्यायालयांचे दप्तरदार. विवाहाच्या वह्या गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या ठेवलेल्या असत, त्यामुळे मागताना तसे स्पष्ट सांगावे. जुन्या न्यायालयीन कागदांचा मोठा साठा हिस्टॉरिक नॅचेझ फाउंडेशनकडे आहे. तेथे आधी कळवून जावे आणि सोबत पेन्सिल न्यावी. आम्ही शुक्रवारी दुपारी उशिरा पोहोचलो आणि शनिवार-रविवार मध्ये आल्याने दप्तराचा खरा दिवस सोमवार हा एकच मिळाला. हा माझ्या नियोजनाचा दोष होता. मंगळवार ते गुरुवार हे दिवस धरावेत.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी समोर आली. तपकिरी पडलेली शाई, उजवीकडे झुकलेले सुबक अक्षर. खेचरे, नांगर, सरकी काढण्याचे यंत्र, आणि मग त्याच रकान्यात, त्याच अक्षरात माणसे: नाव, वय, किंमत. मी घाईघाईने ‘डू’ नावाच्या पाच जणांची टिपणे केली. बाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि ते ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाचे संक्षिप्त रूप असल्याचे सांगितले. त्याच पानावर त्यांच्या खापरपणजीचे नाव आणि ‘व बालक’ असे दोन शब्द होते. दोघांची मिळून किंमत एकच लावलेली होती. बाईंनी ती रक्कम उतरवून घेतली नाही. पानाचे छायाचित्र मात्र त्यांनी दोनदा काढले.

नाव आणि वय जुळले म्हणजे सिद्ध झाले, असे मानू नये. महाराष्ट्रात मोडी दप्तरांतल्या नोंदी शोधणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाच गावात एकाच नावाच्या तीन व्यक्ती सहज निघतात. बँकेच्या वहीतील मालक, १८८०मधील आई आणि ही यादी अशा तीन स्वतंत्र कागदांचा मेळ बसला, म्हणून आम्ही ‘बहुधा’ हा शब्द लिहून पुढे गेलो.

मधल्या दोन दिवसांत गाव पाहिले. लाँगवुड हा अष्टकोनी वाडा १८६०मध्ये बांधायला घेतला आणि युद्ध पेटताच उत्तरेकडचे कारागीर निघून गेले. खालचा मजला तेवढा पूर्ण झाला, वरचे सर्व आजही उघड्या लाकडांचे आहे. त्याहून मला विल्यम जॉन्सनचे घर महत्त्वाचे वाटते. हा गुलामीत जन्मलेला, १८२०मध्ये मुक्त झालेला न्हावी सोळा वर्षे रोजनिशी लिहीत होता, आणि स्वतः गुलामही बाळगून होता. १८५१मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार कृष्णवर्णीय असल्याने गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालत नव्हती. म्हणून आरोपीच्या वंशात कृष्णवर्णीय रक्त आहे की नाही यावर खटला अडला, ते सिद्ध झाले नाही आणि तो सुटला. या गावात वंशावळीचे वजन किती होते, हे मला वाड्यांतील तैलचित्रांपेक्षा येथे अधिक कळले.

फोर्क्स ऑफ द रोड ही गुलामांच्या बाजाराची जागा गाडीतून सहज नजरेतून सुटते. रस्त्याच्या तिठ्यापाशी माहितीचे फलक आहेत आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी बेड्या. तेथे सावली नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत जावे. १८२२पासूनच्या नगर दफनभूमीलाही तेच लागू आहे. तेथे पायांत बूट हवेत, कारण गवतात डंख मारणाऱ्या लाल मुंग्यांची वारुळे असतात. पुसट शिलालेखावर खडू घासू नये. आरशाने तिरपा प्रकाश पाडला की अक्षरे उठून दिसतात. वसंतातील ‘पिलग्रिमेज’च्या, म्हणजे वाडे पाहण्यासाठी खुले ठेवण्याच्या उपक्रमाच्या, काळात वाडे पाहणाऱ्यांची गर्दी होते आणि खोल्या महागतात, त्यामुळे केवळ कागदांसाठी जाणाऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे.

बाईंचे पणजोबा १८६३मध्ये नॅचेझलाच उभारलेल्या, उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीयांच्या पलटणीत होते, असे घरात सांगत. ते खरे असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या निवृत्तिवेतनाची फाइल असू शकते, आणि अशा फायलींत जुन्या शेजाऱ्यांच्या जबान्या असतात. परतल्यावर त्याच आठवड्यात बाईंनी अर्ज भरला. इतर माहिती लिहायच्या जागी त्यांनी पेन थोडा वेळ थांबवला, मग पणजोबांच्या आईचे नाव लिहिले आणि पुढे कंसात ‘बहुधा’ असे घातले.