विजयदुर्गच्या धक्क्यावर, दिवा विझवून

"लायट बंद कर गो पयली."

पाण्यात सोडलेल्या हिरव्या दिव्याची वायर अजून पुरती उलगडलीही नव्हती, तोच मागून हा आवाज आला. आवाजात राग नव्हता. दूध उतू जाताना घरातलं मोठं माणूस जसं हाक मारतं, तशी घाई होती. मी वळून पाहिलं. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका, लुंगी गुडघ्याशी दुमडून, हातात दोऱ्याचा गुंडा घेऊन उभे होते.

हा दिवा मी पुण्याहून मुद्दाम आणला होता. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, पाण्यात बुडवायचा, एकोणीसशे रुपयांचा. म्हाकूल, म्हणजे स्क्विड, उजेडाला येतं असं सगळीकडे वाचलेलं, आणि म्हाकूल पकडायचं हे माझ्या धाकट्या भावाचं दोन वर्षांचं वेड. फाल्गुनात थंडी सरताना खाडीच्या तोंडाशी म्हाकलं मिळतात असं काका फोनवर म्हणाले होते, तेवढ्यावर आम्ही निघालो. तळेऱ्याला महामार्ग सोडला, पडेल कॅन्टीनला चहा घेतला आणि कातळावरच्या आमराया बघत विजयदुर्गला पोचलो. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. आंब्याच्या मोहोरातून कैऱ्या दिसायला लागल्या होत्या. गाड्यांची गर्दी नव्हती, त्याचं मला फार बरं वाटलं. काकांकडे येण्याच्या आदल्या रात्री आम्ही ज्या ठिकाणी उतरलो होतो, तिथल्या मालकांनी समुद्रावर रात्रभर फ्लडलाइट सोडला होता. खोलीच्या पडद्यातूनही तो डोळ्यांवर येत होता आणि एक चांदणी दिसत नव्हती. सकाळी मी तक्रार केली, तर "गेस्टना आवडतं" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या रात्री तसाच एक दिवा मीच पाण्यात सोडत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"काका, हा अगदी लहान आहे," मी म्हटलं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी खाडीच्या तोंडापलीकडे बोट केलं. मला आधी वाटलं की पलीकडे कुठलंतरी गाव आहे. क्षितिजावर एका रांगेत पांढरा उजेड होता. निळसर, इतका प्रखर की त्याच्या वरचं ढगाळ आभाळही फिकट दिसत होतं.

"ता गाव न्हय. बोटी आसत त्यो."

मग मला समजलं. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौकांबद्दल मी वाचलं होतं, पण ते वर्तमानपत्रातल्या एका चौकटीपुरतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. राज्यानेही १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून शिक्षा कडक केली. कागदावर सगळं आहे, आणि समोर क्षितिजावर ती रांगही आहे. काकांनी धक्क्यावर बसून मला जे सांगितलं ते साधं होतं. दिवा पाण्यावर टाकला की आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे पेडवे, तारली, बांगडा, त्यांच्यामागे मोठं मासळं. पिल्लं कोण, अंड्यावरची कोण, हे दिवा बघत नाही. सगळं एका जागी गोळा झालं की भोवतीने जाळं आवळायचं. किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्याला आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याला मग उरतं ते काय? काकांची होडी गेल्या वर्षीपासून माडाखाली, झापांनी झाकून ठेवलेली आहे. दिवसा मी तिच्या बाजूने दोनदा गेले होते आणि ती शाकारलेली होडी छान दिसते म्हणून फोटोही काढला होता.

"आमची पोरां ह्याच लायटीच्या नावान रडतत," काका म्हणाले. "मगे तुमी हयसर लायट लावलास तर माका कसा बगवतला?"

मी वायर गुंडाळली. हात थरथरत होते हे खरं. माझा एक दिवा आणि त्यांचे शेकडो, हे सारखं नाही हे मलाही ठाऊक आहे आणि काकांनाही ठाऊक होतं. पण ज्या माणसाच्या दारात आपण जेवतो, त्याचं घर ज्या गोष्टीने खचलं तीच गोष्ट खिशात घेऊन आपण त्याच्याच धक्क्यावर जातो, याची लाज वाटायलाच हवी.

धक्क्यावर एका खांबाला पिवळा दिवा होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तो बोटी लागण्यासाठी आहे, तो असू दे. आणि खरं सांगते, त्या एका खांबाने आमचं काम झालं. म्हाकूल उजेडात येऊन नाचत नाही. बारकी मासळी उजेडाच्या वर्तुळात येते आणि म्हाकूल त्या वर्तुळाच्या कडेला, अंधाराच्या बाजूला थांबून राहतं. भावाने आपली जिग उजेडात न टाकता सावलीच्या रेघेवर टाकायला सुरुवात केली.

जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराची खोटी गरी. तिच्या शेपटाला टाचण्यांचा दुहेरी झुबका असतो, पण त्या टाचण्यांना उलटा दात नसतो. म्हणून दोरा जराही सैल पडला की म्हाकूल निसटतं. काका हे रॉडबीड काही वापरत नाहीत. तर्जनीवरून दोरा सोडायचा, जिग तळाकडे बुडू द्यायची, मनगटाने दोन झटके द्यायचे आणि परत बुडू द्यायची. अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी होती, त्यामुळे खाडीचं पाणी फारसं ओढत नव्हतं. उधाणाला हीच जिग कुठच्या कुठे वाहून जाते, म्हणाले. म्हाकूल जिग वर जाताना धरत नाही, खाली उतरताना धरतं. माशासारखा हिसका बसत नाही. ओलं फडकं दोऱ्याला अडकावं तसा नुसता जडपणा येतो.

"जड लागला काय गप उचल. सैल सोडू नको, सुटतला."

माझं पहिलं सुटलं. दुसरं दहाच्या सुमाराला आलं, साधारण वीतभर. पाण्याबाहेर येताच त्याने पाण्याची एक पिचकारी मारली आणि मागोमाग शाई. माझ्या कुडत्याची बाही काळी झाली, ती अजून गेलेली नाही. भावाने फोनचा उजेड हाताने झाकून एक क्षण धरला आणि मी वाकून पाहिलं. अंगभर तांबूस-तपकिरी ठिपके होते आणि ते जिवंत होते. एक ठिपका टीपकागदावरच्या थेंबासारखा पसरायचा आणि लगेच टाचणीच्या टोकाएवढा मिटायचा. शेजारचा पसरायचा, तो मिटायचा. गोऱ्या अंगावरून असा रंग लाटेसारखा पुढे जात होता. डोळा मोठा, काळाभोर. आठ आखूड हात, दोन लांब, आणि ते लांब हात अजून जिगला घट्ट धरून होते. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्तात लोखंडाऐवजी तांबं असतं म्हणून ते निळं, असं भाऊ हळू आवाजात सांगत होता. मी ऐकत होते, पण नजर ठिपक्यांवरून हलत नव्हती. बादलीत टाकल्यावर ते हळूहळू मंदावले.

बारापर्यंत पाच मिळाली. बाजारात लांबट नळीसारख्याला नळ आणि पाठीत पांढरं हाड असलेल्याला माकूल म्हणून वेगळं काढतात. काकांच्या तोंडी सगळंच म्हाकूल.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. बुरुजावरून मी तासभर समुद्रच बघत बसले.

दुपारी काकूंनी म्हाकलं साफ करायला मला शेजारी बसवलं. डोकं धरून ओढलं की आतलं सगळं एकदम बाहेर येतं. मग पाठीतून बोटाने एक पातळ पारदर्शक पट्टी ओढून काढायची. पिसासारखी, काचेची वाटावी अशी. कवचाची तेवढीच खूण त्या जिवाकडे उरलेली आहे. काकूंनी ती धुऊन माझ्या भावाच्या हातावर ठेवली. मग कांदा, मालवणी मसाला, ओलं खोबरं, दोन सोलं आणि झाकण. "पाठ फिरवलंस काय रबर जाता," म्हणत त्या चुलीपुढून हलल्या नाहीत. भाकरी गरम, आणि म्हाकूल दाताला लागतंय न लागतंय एवढं मऊ. पुण्यात म्हाकलाच्या नावाखाली मी इतकी वर्षं पीठ लावलेले रबराचे छल्ले खाल्ले, आणि त्याचे पैसेही दिले.

त्या रात्री पुन्हा धक्क्यावर गेलो. दिवा गाडीत, बॅगेच्या तळाशी. काकांनी मला स्वतःचा दोरा दिला आणि आपण नुसते बसून राहिले. "अंधार आसलो काय म्हाकूल आपसूक येता. तेका बोलवूक लागना नाय." दोन मिळाली. त्यातलं एक फार लहान होतं, करंगळीएवढं. काकांनी ते टाचण्यांवरून अलगद सोडवून पाण्यात सोडलं आणि ते गेलं त्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिले.

एकच्या पुढे खाडीच्या वरच्या अंगाला डोंगरामागून अर्धा चंद्र वर आला. पाण्यावरची सावलीची रेघ पुसली गेली आणि दोऱ्याला पुन्हा काही लागलं नाही. काका उठले, लुंगी झटकली.

"चला. आता ह्यो लायट आपल्या हातातलो न्हय."

मी दोरा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. चंद्राच्या उजेडात किल्ल्याची भिंत दगडन्‌दगड दिसत होती. खाडीच्या तोंडापलीकडे बोटींची पांढरी रांग कालच्याच जागी होती. काकांनी तिकडे पाहिलं नाही. घराकडे जाताना माडाखालच्या होडीवरचा एक झाप वाऱ्याने सरकला होता, तो त्यांनी नीट केला.