व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ऑफिस बाहेर काढताना

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. ऑफिस, स्टोअर, शॉप फ्लोअर, सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं. सकाळी शुभ प्रभातची फुलं, त्याखाली ड्रॉइंगचा फोटो, त्याखाली कुणाची तरी रजा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे ड्रॉइंगवरचा ६ आहे की ८, हे झूम करूनही कळत नसे. शिवाय एकाच ड्रॉइंगची जुनी रेव्हिजन बी आणि सुधारलेली रेव्हिजन सी दोन्ही त्याच ग्रुपवर तरंगत असायच्या. ऑपरेटरला जी आधी सापडेल, तिच्यावर जॉब लागायचा.

तरी साहेबांचं म्हणणं एकच : फुकटचं असताना पैसे कशाला? पर्चेसमधला माणूस नोकरी सोडून गेला, आणि सप्लायर्सशी झालेली दरांची सगळी बोलणी त्याच्या फोनबरोबर गेली. त्यानंतर साहेब स्वतःच म्हणाले, ‘बघा काहीतरी.’

आधी स्लॅक हे ऑफिसच्या चॅटचं अ‍ॅप बघितलं. दिसायला झकास. पण फुकटच्या प्लॅनमध्ये सप्टेंबर २०२२ पासून शेवटच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात. आमच्याकडे कस्टमरची तक्रार सहा-सहा महिन्यांनी येते, तेव्हा नेमकं जुनंच लागतं. मायक्रोसॉफ्टचं टीम्स ऑफिसातल्यांना चाललं असतं, पण सुपरवायझरांच्या जुन्या फोनवर ते उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. गूगल चॅटवर मात्र माझं मन बराच काळ रेंगाळलं, कारण मेलसाठी गूगलचे पैसे आम्ही भरतच होतो.

शेवटी घेतलं झुलिप, हेही चॅटचंच अ‍ॅप. त्यात चॅनलच्या, म्हणजे ग्रुपच्या, आत प्रत्येक संभाषणाला विषय असतो. आम्ही चॅनलला कस्टमरचं नाव दिलं आणि विषयाला जॉब कार्डचा नंबर. आता त्या जॉबचं ड्रॉइंग, मटेरियल आलं का, क्यूसीने (माल तपासणाऱ्यांनी) काय शेरा मारला, सगळं एका नंबराखाली ओळीने मिळतं. माल डिस्पॅच झाला की विषयावर ‘निकाली’ची खूण करायची. कुणी चुकीच्या विषयात लिहिलं, तर तो मेसेज उचलून योग्य जागी ठेवता येतो. पहिले काही आठवडे माझं मुख्य काम तेच होतं.

झुलिप ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे; स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतं. पण तो सर्व्हर सांभाळणार कोण? म्हणून क्लाउडचा, म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवरचा, पैसेवाला प्लॅन घेतला. फुकटच्या क्लाउडमध्ये शेवटचे १०,००० मेसेजच शोधता येतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

खरी परीक्षा होती शॉपवरच्या काकांची. सगळे त्यांना काकाच म्हणतात. टायपिंगचा त्यांना कंटाळा. त्यांना कीबोर्डवरचा माईक दाखवला. आता ते मराठीत बोलतात आणि मेसेज आपोआप उमटतो. ‘बोअर’चं, म्हणजे जॉबमधल्या भोकाचं, कधीकधी ‘बोर’ होतं, पण शॉपवर सगळ्यांना कळतं. काका लिहायला लागल्यावर बाकीच्यांना सबबच उरली नाही. दुसरं कुठलंही टूल निवडलं असतं, तरी गाडी काकांपाशीच अडली असती, असं मला वाटतं. फीचर्सचे तक्ते मी उगाच रात्र रात्र बनवत बसलो.

बाहेरून प्लेटिंग (धातूचा मुलामा) करून देणारा प्लेटिंगवाला अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच आहे आणि राहणार. त्याला द्यायची पीडीएफ आधी जॉबच्या विषयात टाकायची आणि मगच त्याला पाठवायची, असा नियम केलाय. तो सगळ्यात जास्त साहेबच मोडतात.