निळी म्हणून रंगवलेली फुलदाणी

शेजारच्या सोसायटीतला आंबा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला, तेव्हा तिथल्या वॉचमनकाकांच्या मदतीने त्याचा एक ओंडका घरी आणला. ओला असतानाच लेथवर (लाकूड गोल फिरवून कोरायच्या यंत्रावर) ओबडधोबड फुलदाणी काढली, भिंत मुद्दाम जाड ठेवली, दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण चोपडलं आणि भुशासकट गोणीत घालून ठेवून दिली. सात महिन्यांनी बाहेर काढली तर चांगलीच लंबगोल झालेली. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही, त्यामुळे हे होणारच होतं. पुन्हा लेथवर चढवून गोल केली.

मग पॉलिश पेपर. 120, 180, 220, 320; नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. शेवटी गालाला लावून बघितली, कुठे काही टोचेना. झालं की, असं वाटलं.

ऑइलपेंट मला नको होता. रेषाच झाकायच्या तर लाकूड कशाला, पीव्हीसीचा पाइपही चालला असता. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर ती फिरत असताना रंगीत लाखेची कांडी दाबतात तसंही नको; तो रंग वर बसतो, मला आत मुरलेला हवा होता. म्हणून बोहरी आळीतून पाण्यात विरघळणारी निळी पूड आणली. कोमट पाण्यात कालवली, फडक्याने पहिला हात फिरवला आणि पोटात गोळाच आला.

फुलदाणीच्या पोटाभोवती बारीक गोल वळ उठले होते, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तसे. फिरत्या लेथवर घासताना 120 नंबरने पाडलेले ओरखडे पुढच्या पेपरांनी गेलेच नव्हते. कोऱ्या लाकडावर ते दिसत नव्हते, रंग नेमका त्यांच्यात जाऊन बसला. खांद्याच्या उतारावर तंतू आडवे कापले जातात, तिथे लाकडाने इतका रंग प्यायला की तो भाग जवळजवळ काळा. वर हाताला सगळीकडे खरखर. आणि हे सगळं निळं नाहीच, हिरवट! आंब्याचं लाकूड पिवळसर, रंग पारदर्शक. शाळेतली रंगपेटी आठवायला हवी होती.

आमची कपाटं पॉलिश केलेल्या काकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"ताई, आधी पाणी मारलंत का?"

"नाही."

"मग आता उतरवा सगळं."

उतरवलं. या खेपेला प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून हाताने, रेषांच्या दिशेने घासलं. यात निळ्या रंगाचा फायदाच झाला: जिथे निळी रेघ शिल्लक, तिथे ओरखडा शिल्लक. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळवली. पाण्याने तंतू फुगून उभे राहतात, ते सकाळी 400 नंबरने हलक्या हाताने काढले. तेच पुन्हा एकदा. आता रंगाच्या पाण्याने उभं राहायला फारसं काही उरलं नाही.

रंग देण्याआधी खांद्यावर साधं पाणी फिरवलं, म्हणजे तो भाग आधीच ओला असल्यामुळे अधाशासारखा रंग पीत नाही. पहिला हात पातळ निळ्याचा. दुसऱ्यात चिमूटभर जांभळा मिसळला, हिरवट झाक मारायला. हा मिश्रणाचा प्रयोग मात्र आधी त्याच ओंडक्याच्या तुकड्यावर करून पाहिला, तेवढी अक्कल एव्हाना आली होती. छान मोरपंखी रंग आला.

वरून चपडा लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि माझा रंग पाण्याचा, त्यामुळे तो फारसा उठून आला नाही. फडक्याला जेमतेम निळी झाक लागली. पातळ पातळ सहा हात दिले. फक्त चपड्याचा स्वतःचा रंग मधासारखा असतो, हे मी विसरले होते. मोरपंखी पुन्हा थोडं हिरव्याकडे सरकलं.

आत पाणी भरायचा प्रश्नच नाही, लाकूड फुगेल. काचेची एक परीक्षानळी बरोबर बसते, तिच्यात निशिगंधाची काडी ठेवते. आई म्हणते, "ती हिरवी फुलदाणी जरा खिडकीत ठेव."

मी निळीच म्हणते. माझी नखं तर अजून निळी आहेत.