तुम्ही विचारलंत म्हणून : मतदार कार्ड असताना यादी कशाला?

"मॅडम, कार्ड तर आहे न हातात, मग दरवेळी यादी काहून पाहायला लावता?"

लिफ्टमध्ये, भिशीत, भाजीच्या ठेल्यावर, सगळीकडे हाच प्रश्न. १५ जानेवारी २०२६ला नागपूर मनपाची निवडणूक होती, त्याच्या आधीच्या महिन्यात तर रोजच. आमच्या त्रिमूर्ती नगरात माझं नाव 'यादीवाल्या बाई' पडलंय, हेही मला माहीत आहे. छोटं उत्तर मी दरवेळी देते : कार्डाने ओळख पटते, मत यादीमुळे देता येतं. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक, काहीही चालतं. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर ते कार्ड पाकिटात ठेवून घरी यायचं. लोक मान हलवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारतात. म्हणून आज मोठं उत्तर.

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार, लोकसभेचं मतदान. आई ८१ वर्षांची. घरून मतदानाची वयाची अट त्याच मार्चमध्ये ८०ची ८५ केली होती, त्यामुळे तोही मार्ग बंद. तसंही तिला बूथवरच जायचं होतं. नागपूरच्या महाल भागातली तीच शाळा, जिथे तिने आणि बाबांनी आयुष्यभर मत दिलं. बाबा गेल्यावर २०१९पासून ती माझ्याकडे राहते, पण मतदानाचा दिवस म्हणजे तिच्यासाठी माहेरपण. सकाळी सातलाच ऑटो केला. तिने जरीकाठाची साडी नेसली होती आणि कार्ड रुमालात बांधून घेतलं होतं.

बाहेरच्या टेबलावर तिची चिठ्ठी सापडेना. 'आत पाहून घ्या' म्हणाले. आत अधिकाऱ्याने यादी उलटली, बोट एका चौकटीवर थांबलं. आईचा फोटो, आईचं नाव आणि त्यावर वगळल्याची खूण.

"काकू, तुमचं नाव कमी झालंय."

"मी तर आहे न बाप्पा अजून," आई म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. चुकून कोणी आपल्याला मेलेलं समजलं असेल तर त्याचा गैरसमज दूर करावा, तशी.

भांडले मी. व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज फिरत होता ना, नाव नसलं तरी 'चॅलेंज व्होट' मागा, 'टेंडर व्होट' मागा म्हणणारा? तो मी मोठ्या आवाजात वाचून दाखवला. अधिकारी बिचारा शांत. टेंडर मत म्हणजे यादीत तुमचं नाव आहे, पण तुमच्या आधी कोणीतरी ते मत देऊन गेलं, तेव्हा. चॅलेंज म्हणजे उमेदवाराच्या एजंटने दोन रुपये भरून तुमच्या ओळखीवर आक्षेप घेतला, तेव्हा. नाव नसलेल्याला दोन्हीतलं काहीच नाही. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ मार्चला संपली, त्यानंतर त्या निवडणुकीपुरता यादीला कोणाचाच हात लागत नाही. मागे रांग चुळबुळत होती. कोणीतरी म्हणालं, "ताई, बाजूला होऊन बोला न."

आता जे मी सहसा गाळते, ते. माझं नाव होतं यादीत. त्याच भागात, दोन पानं पुढे. आई म्हणाली, "आलीच आहेस तर टाकून घे." आणि मी टाकलं. परत येताना ऑटोत ती माझ्या बोटावरच्या शाईकडे बघत होती. मी पदर ओढून हात झाकला, तर म्हणाली, "राहू दे, पुसली जाईल."

घरी येऊन मी यंत्रणेला शिव्या घातल्या. न सांगता नाव कापलं, वगैरे. आठ दिवस हेच चाललं होतं. मग आठवलं. आदल्या हिवाळ्यात बीएलओ बाईंचा, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाईंचा, फोन आला होता. महालातल्या घराला कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्यांकडून नंबर घेतलेला. "आजी इथे राहत नाहीत का आता?" मी ऑफिसात, समोर फायलींचा ढीग. म्हटलं, "नाही, माझ्याकडेच असते." "आणि तुमचं नाव?" "माझं असू द्या, मी येत-जात असते."

येत-जात! २०११पासून मी त्रिमूर्ती नगरात राहते. नोटीस आली असेल तर त्या कुलूपबंद दारातून सरकवली असेल. आली असेलच असं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही. पण बाईंनी विचारलं होतं, हे खरं. खरं बोलले ते आईच्या बाबतीत, आणि नाव गेलं ते तिचं.

तेव्हाची मी म्हणायची : खासदार तर तोच! महाल नागपूर मध्यमध्ये, त्रिमूर्ती नगर दक्षिण-पश्चिममध्ये, पण लोकसभेला दोन्ही नागपूरच. शिवाय वाडा आमचाच आहे. हा युक्तिवाद मला आजही अगदीच बिनबुडाचा वाटत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे : १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की नुसतं घर मालकीचं असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि आमदार, नगरसेवक? माझ्या गल्लीतली गटार तुंबली तर महालचा नगरसेवक येणार होता का?

माझं नाव मी हलवलं. फॉर्म ८, घरबसल्या. पूर्वी मतदारसंघ बदलला की वेगळा फॉर्म लागायचा, २०२२पासून पत्ता बदल, दुरुस्ती, नवं कार्ड सगळं ह्या एकातच. आईचं नाव वगळलेलं, म्हणून तिला फॉर्म ६, म्हणजे अठराव्या वर्षी भरतात तो. तिला हे कळल्यावर आधी हसली, मग गप्प झाली.

"महालचा पत्ता टाकशील तर सही करते."

तो टाकता येत नाही. खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि एकदा येत-जात करून झालंय माझं. त्यामुळे विधानसभा गेली, जानेवारीत मनपाही गेली. नऊ वर्षांनी आलेली निवडणूक, मी मत देऊन आले तेव्हा ती वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारच्या चाळीस घरांना नाव तपासायला लावते आणि माझ्याच घरात एक नाव नाही, हे तुमच्यापैकी दोघी-तिघींना माहीत आहे. म्हणूनच तुम्ही हसता, तेही दिसतं मला.

फोटो काढून ठेवलाय तिचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. परवा पुन्हा फॉर्म पुढे केला. तिने चष्मा लावला, सगळा नीट वाचला आणि बोट ठेवून विचारलं, "हा पत्ता कोणाचा?"