तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल आहे, मग एवढे प्रश्न कशाला?

मी लहान मुलांच्या संधिवातावर उपचार करते. आईवडील हमखास विचारतात, "डॉक्टर, रक्ताचा रिपोर्ट तर नॉर्मल आलाय. मग बटणं लावते का, जिना कशी उतरते, हे सगळं कशाला विचारता?"

कारण रक्त एवढंच सांगतं की अंगात दाह किती आहे, आणि तेही दर वेळी नाही. ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल असताना गुडघा सुजलेला मी कितीदा तरी पाहिलाय. शिवाय मूल तक्रार करत नाही. दोन वर्षांचं असताना आजार सुरू झाला असेल, तर सकाळी उठल्यावर पाय आखडणं हे सगळ्यांचंच असतं असं त्याला वाटतं. ते "दुखतंय" म्हणत नाही. ते करणंच सोडून देतं. घरच्यांना वाटतं, हल्ली फार लाडावलीय, सारखी कडेवर घे म्हणते.

सात वर्षांची एक मुलगी आली होती. काही दुखतं का? नाही. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिनं ती मांड्यांत धरली, दोन्ही तळहात झाकणावर दाबले आणि सगळं अंग फिरवून झाकण उघडलं. बोटं एकदाही झाकणाभोवती मिटली नाहीत. आई बघतच राहिली. तपासलं तेव्हा उजवं मनगट अर्ध्यातच अडकत होतं.

म्हणून आम्ही सीएचएक्यू नावाची प्रश्नावली भरून घेतो. कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं, अंघोळ, हात पोचणं, पकड आणि इतर कामं असे 8 भाग; गुण 0 ते 3. प्रश्न गेल्या आठवड्याचे असतात. इथे एक विनंती: बूट तुम्ही घालून देत असाल तर तसं लिहा. मदत घेतली की गुण वाढतात, म्हणजे त्रास जास्त धरला जातो. प्रेमानं केलेली मदत कागदावर आली नाही, तर मुलाचा त्रासच दिसेनासा होतो. अर्थात वयामुळे जे जमत नाही ते आजाराच्या खात्यात घालायचं नाही.

दुसरं मोजमाप जेडास, आजार किती जोरात आहे ते सांगणारं, 2009 पासूनचं. त्यात चार गोष्टी: डॉक्टरांचा अंदाज, पालकांचा किंवा मुलाचा अंदाज, दाह असलेले सांधे आणि ईएसआर. चारांत रक्ताची एकच.

डोळे मात्र यातल्या कशातच येत नाहीत. या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो, बहुतेकदा लाली नाही की दुखणं नाही. तो स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खास सूक्ष्मदर्शकातूनच, दिसतो. काही मुलांना दर 3 महिन्यांनी बोलवावं लागतं. ती तारीख कृपा करून चुकवू नका.

त्या मुलीचं मनगट औषधांनी पुष्कळ सुधारलं. वर्षभरानं मी 0 ते 10 ची रेघ दोघींना वेगवेगळी दिली: आजाराचा एकूण त्रास किती? आईनं 1 वर खूण केली, मुलीनं 6 वर. सूज कुठेच नव्हती. मी विचारलं, हे 6 कसले गं?

"खेळाच्या तासाला मला अजून गुण मांडायलाच बसवतात."

त्या दिवशी मी औषध बदललं नाही. तिच्या खेळाच्या शिक्षकांना चिठ्ठी लिहिली.