घामाची भाकर आणि एदेनची बाग

‘रोजचे काम हा देवाचा आशीर्वाद आहे असे तुम्ही ख्रिस्ती लोक म्हणता, पण तुमच्याच बायबलात घाम गाळून भाकर खाण्याची शिक्षा आदामाला झाली ना?’ हा प्रश्न मला शेजारणींनी विचारला आहे, तसाच आमच्या मंडळीतल्या तरुणांनीही. परिचारिका म्हणून माझे आयुष्य वॉर्डात गेले, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी जरा सविस्तर देते.

उत्पत्तीच्या पुस्तकातला क्रम आधी पाहावा. घाम, काटे आणि कुसळे तिसऱ्या अध्यायात येतात; एदेन बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी देवाने माणसाला तिथे ठेवले, हे दुसऱ्याच अध्यायात सांगून झालेले असते. म्हणजे पाप जगात येण्याआधी काम होते. शाप उच्चारला गेला तो भूमीविषयी, आणि त्यामुळे कामात कष्ट शिरले. पुढे खुद्द प्रभू येशूने नासरेथात सुतारकी केली, आणि येशूच्या संदेशाचा प्रचारक पौल याने करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरले.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पाठ, माकडहाड आणि टाचा निरखाव्या लागतात, अंग पुसून कोरडे करावे लागते, आणि चादर अशी ताणून खोचावी लागते की अंगाखाली एकही सुरकुती राहू नये. कारण एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी लालसर होते, आणि तिकडे दुर्लक्ष झाले तर तिथेच बेडसोअर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, होते. हे काम चोख झाले तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही, कातडी शाबूत राहते एवढेच. देवाने माणसावर सोपवलेली राखण ती हीच, अशी माझी श्रद्धा आहे. आणि म्हणूनच पाळकांचे प्रवचन आणि आयाबाईंनी पुसलेली फरशी यांत मी उच्चनीच मानत नाही.

पंडिता रमाबाईंनी हे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रत्यक्षात आणले. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा यांना त्यांनी प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छपाईही शिकवली. रमाबाईंनी स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, याच स्त्रियांनी जुळवले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ज्यांचे तोंड पाहणेही लोक अशुभ मानत, त्यांच्या हातून देवाचे वचन छापून निघाले, याहून मोठा आशीर्वाद मला सुचत नाही.

मात्र हा शब्द दुसऱ्याच्या कष्टांवर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो, तेव्हा मला राग येतो. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातले वचन आम्ही भिंतीवर लावतो. पण पौलाने ते दासांना लिहिले होते, आणि त्यापाठोपाठ धन्यांना न्यायाने व समतेने वागण्याची ताकीद दिली होती, ती कोणी भिंतीवर लावत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे बायबलातले नियमशास्त्र सांगते. अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोब बायबलातल्या आपल्या पत्रात लिहितो. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेत दासदासींची आणि गुराढोरांचीही विश्रांती आहे. माणसाला गटारात उतरवून मैला काढायला लावणाऱ्या व्यवस्थेला आशीर्वाद म्हणणे तर देवाचे नाव व्यर्थ घेणे आहे.

म्हणून कंत्राटावरच्या सफाई कामगारांना सेवाभावावर चार शब्द सांगण्यासाठी मला बोलावतात, तेव्हा मी आधी विचारते की त्यांचा पगार वेळेवर होतो का आणि आठवड्याची सुट्टी मिळते का. उत्तर नकारार्थी असेल, तर ते चार शब्द मी बोलावणाऱ्यांनाच ऐकवते.